बहिणाबाई आमच्या वर्गात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करू लागलो, तेव्हा मराठीच्या बाईंनी शिकवलेल्या बहिणाबाई चौधरी प्रथम आठवल्या. बाई त्यांची कविता नुसती वाचत नसत, जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणत. आणि आमच्या घरातली जी लेवा बोली वर्गात तोंडून निसटली तर आम्ही ओशाळत असू, तीच पाठ्यपुस्तकात मानाने छापलेली आम्हांला दिसे.

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आलेल्या आणि तिशीत वैधव्य आलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरात दळताकांडताना, शेतात राबताना गाणे सुचे, ते त्या आपल्याशीच म्हणत आणि काम पुढे चालू राही. पेरणी, संसार, माणसाचे मन आणि मरण यांविषयी इतके नेमके बोलणारी ही कवयित्री हयातभर आपल्या माणसांपलीकडे जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती, याचे मला आजही नवल वाटते.

त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांची एक आठवण बाई आवर्जून सांगत. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गोष्ट आईच्या तोंडून गाणे होऊन त्यांच्या कानी आली. सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी जी गाणी कागदावर उतरवली, ती राहिली. जी उतरवायची राहून गेली, ती ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंबरोबरच गेली. पुढे आचार्य अत्रे यांनी उतरवलेल्या गाण्यांची वही पाहिली, आणि त्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे.

माझ्यापुरता त्यांचा प्रभाव मात्र बाईंनी दिलेल्या गृहपाठातून सुरू झाला. घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या ओव्या लिहून आणा, असे त्यांनी सांगितले होते. माझी आजी आधी संकोचली, मग मी लिहितो आहे हे पाहून एकेक ओवी पुन्हा सावकाश म्हणू लागली. तिच्याकडे एवढे आहे, हे त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

आता घरातली दळायची जाती गेली आणि ओव्या येणाऱ्या बायकाही थोड्याच उरल्या आहेत. महोत्सवी वर्षात आजच्या विद्यार्थ्यांना हाच गृहपाठ पुन्हा द्यावा, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जमा झालेल्या ओव्या नीट उतरवून काढण्याचे काम मी आनंदाने करीन.