२४२ दिवसांची रजा

मला अजून लोक विचारतात की मॅडम तुम्ही जगप्रवासाला नोकरी सोडून गेला होता ना, मग परत घेतलं कसं. नोकरी सोडलीच नव्हती. रजा घेतली होती, २ डिसेंबर २०२४ ते ३१ जुलै २०२५, मोजून २४२ दिवस, आणि खरं सांगायचं तर हनोई, टोकियो, मेक्सिको फिरणं त्या मानानं सोपं गेलं, अवघड गेली ती रजा. म्हणून रजेचंच सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

मी सांगलीत एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक. सतरा वर्षं नोकरी, घर विश्रामबागला, मुलगी पुण्यात हॉस्टेलवर आणि यांचं गणपती पेठेत दुकान, त्यामुळे यांना आठ महिने निघणं शक्यच नव्हतं. हे म्हणाले तू जा, घर मी बघतो. अकरा वर्षं आरडी भरत होते मी याच्यासाठी. आई तासगावला असते, तिला सांगितलं तर पहिला प्रश्न, "बाई, नोकरीवरनं काढलं का काय तुला?"

पहिला अर्ज जानेवारी २०२४ ला केला. दोन ओळींचा. आठ महिने बिनपगारी रजा मिळावी, कारण खासगी. तीन आठवड्यांनी परत आला, त्रुटी लावून. रजेचा प्रकार नमूद नाही, शिल्लक रजेचा हिशोब नाही, परदेशी जाण्याची परवानगी घेतलेली नाही, खर्च कोण करणार त्याचा खुलासा नाही. मला राग आला होता पण त्रुटी सगळ्या बरोबर होत्या, मीच घाई केली होती. मग लोकसभा लागली, सांगलीचं मतदान ७ मे ला, तोपर्यंत रजेचं नाव पण काढायची सोय नव्हती.

मे मध्ये आमच्या आस्थापनेतून रिटायर झालेले एक अण्णा आहेत त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले बिनपगारी कशाला मागतेस गं, आधी सेवापुस्तक काढून बघ काय काय शिल्लक आहे. मी सतरा वर्षं दुसऱ्यांच्या फाइली हलवल्या आणि स्वतःचा रजेचा हिशोब एकदा पण नीट बघितला नव्हता! अण्णांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ ची प्रत समोर ठेवली आणि कागदावर मांडून दिलं. अर्जित रजा, भरपगारी, ती १२० दिवस. त्याला जोडून अर्धवेतनी रजा ६० दिवस, दरवर्षी २० दिवस खात्यावर जमा होते ती, आणि ती खासगी कामासाठी पण मिळते, आमच्या निम्म्या स्टाफला वाटतं फक्त आजारपणाला मिळते. उरलेले ६२ दिवस तेवढे असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. दुसरी रजा शिल्लक असली तरी कर्मचाऱ्यानं लेखी मागितली तर असाधारण रजा देता येते, ते वाक्य अर्जात घालायचं.

असाधारण रजेचे तोटे पण त्यांनी सांगितले. जितके दिवस घेतली त्याच्या एक दशांश पुढच्या अर्जित रजेतून कापतात, माझे ६ दिवस जाणार होते. आणि मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली, जुनी पेन्शन नाही, त्यामुळे पगार नाही त्या महिन्यांत एनपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचा, हप्ता पण नाही. आठ महिन्यांचं नुकसान मी धरून चालले होते ते अर्धवेतनी धरून साधारण तीन महिन्यांवर आलं, त्या दिवशी घरी येताना मला खरंच रडू आलं.

पासपोर्ट तोपर्यंत करून घेतला. इथं एक गोष्ट सांगते, सरकारी नोकरांना वाटतं ऑफिसची एनओसी मिळेपर्यंत पासपोर्टचा अर्जच करता येत नाही. तसं नाही. प्रायर इंटिमेशन म्हणून एक नमुना आहे, त्यात आपण ऑफिसला फक्त कळवायचं की मी पासपोर्टला अर्ज करतोय आणि त्याची कॉपी जोडायची, एनओसीची वाट बघत बसायचं नाही. काम सांगलीतच पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात झालं. ६० पानी घेतला, २००० रुपये, ३६ पानी १५०० ला आहे पण लांबच्या प्रवासाला पानं लागतात. परदेशी जाण्याची परवानगी मात्र वेगळी, ती रजेसोबतच मागावी लागते.

दुसरा अर्ज जूनमध्ये. सहा पानं. आरडीचं स्टेटमेंट, टप्प्याटप्प्यानं कुठं जाणार त्याचा तक्ता, माझं टेबल कोण सांभाळणार त्याची संमती सहीसकट, विभागीय चौकशी चालू नाही याचा दाखला. साहेबांचं म्हणणं एकच होतं, पुराच्या दिवसात माणूस पाहिजे. सांगलीत हे कोणाला समजावून सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटावर गेलं होतं आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या आठवड्यात आम्ही सगळे रात्रंदिवस कामावर होतो. मी सप्टेंबरपर्यंत रजा मागितली होती ती ३१ जुलैवर आणली. मला ते पटलं, मी वाद घातला नाही. पण त्यानंतर फाइल वरच्या ऑफिसात एका टेबलावर नऊ आठवडे नुसती पडून होती, कोणाची हरकत नाही, शेरा नाही, काही नाही, आणि याचा मला आजही त्रास होतो कारण दर सोमवारी फोन करून तेच उत्तर ऐकायचं. शेवटी साहेब स्वतः गेले. आदेश निघाला ९ ऑक्टोबरला आणि १५ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. सहा दिवस! २० नोव्हेंबरला मी मतदान केंद्रावर ड्युटी केली, त्याच्यानंतरचीच रजा घेतली होती.

आता व्हिसा. आपल्या पासपोर्टवर जगाची फेरी मारायची तर आधी नकाशा नाही, कॅलेंडर बघावं लागतं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि तो साधारण आपण राहतो त्या देशातूनच करायचा असतो, म्हणजे मध्येच मेक्सिकोत बसून युरोपचा व्हिसा काढू असं चालत नाही. जपानचा सिंगल एंट्री व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. आणि पासपोर्ट एकच, एका वेळी एकाच ठिकाणी जमा. हे तिन्ही जुळवलं तर रस्ता आपोआप ठरला, पूर्वेकडे निघायचं, व्हिएतनाम, जपान, अमेरिका, मेक्सिको, मग एप्रिलमध्ये युरोप आणि शेवटी सर्बिया, जॉर्जिया. अमेरिकेचा इंटरव्ह्यू मुंबईला ऑगस्टमध्येच झाला होता, त्याची तारीख मी आधीच घेऊन ठेवली होती, दहा वर्षांचा मिळाला. त्याचा मोठा फायदा म्हणजे अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिको, सर्बिया, जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागला नाही. व्हिएतनामचा ९० दिवसांचा ई-व्हिसा घरी बसून झाला.

शेंगेनला पुण्याला गेले, ऑक्टोबर संपायच्या आत. ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न. माझा रजा आदेश मराठीत! अनुवाद करून घेतला, शिवाय ऑफिसकडून इंग्रजीत एक पत्र घेतलं होतं की या ह्या पदावर आहेत, ह्या तारखेपर्यंत रजा मंजूर आहे आणि १ ऑगस्टला हजर व्हायचं आहे. काउंटरवरच्या मुलीनं ते पत्र सगळ्यात वर ठेवलं. माणूस परत जाणार याचा पुरावा त्यांना लागतो आणि राजीनामा देऊन गेलेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. जे मुलं-मुली म्हणतात ना सरळ सोडून देऊ आणि फिरू, त्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं. जपानचा अर्ज त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, आणि शिक्का मारलेला पासपोर्ट निघायच्या दहा-बारा दिवस आधी हातात आला.

तिकिटाचं थोडक्यात. विमान कंपन्यांच्या अलायन्सचं राउंड द वर्ल्ड तिकीट मिळतं, एकाच दिशेनं जायचं, वर्षाच्या आत संपवायचं, मैलांप्रमाणे किंवा खंडांप्रमाणे दर. मी हिशोब केला, मला सुटीसुटी तिकिटंच स्वस्त पडली. पैशांचं एक मात्र लक्षात ठेवा, परदेशी पाठवलेल्या किंवा फॉरेक्स कार्डवर (परकीय चलनाचं कार्ड) भरलेल्या रकमेवर एका मर्यादेच्या वर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तेव्हा आर्थिक वर्षाला ७ लाखांची मर्यादा होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली. रिटर्न भरताना तो पैसा वजा होतो किंवा परत मिळतो पण तोपर्यंत अडकतो. माझा प्रवास ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पडला म्हणून निम्मे पैसे आधी आणि निम्मे नंतर कार्डवर भरले, एक रुपया कापला गेला नाही. एकूण १३ लाख ४० हजार लागले. व्हिएतनाम, मेक्सिको, जॉर्जियात महिना महिना राहिले आणि जपानमध्ये फक्त सोळा दिवस, म्हणून एवढ्यात बसलं.

फिरण्याचं वेगळं लिहीन कधीतरी. एकच सांगते, टोकियोहून २९ जानेवारीला संध्याकाळी निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा २९ जानेवारीचीच सकाळ होती. शाळेत आंतरराष्ट्रीय वाररेषा पाठ केली होती, ती ओलांडली. आईला फोन केला, ती म्हणाली मग आजची रजा दोनदा धरणार का गं, मी म्हटलं नाही आई, तिकडं सांगलीच्या तारखेनंच धरतात.

१ ऑगस्टला शुक्रवारी पावणेदहाला हजर झाले. रुजू अहवाल दिला, कपाटाची किल्ली घेतली. सेवापुस्तकात तीन ओळींची नोंद झाली, अर्जित १२०, अर्धवेतनी ६०, असाधारण ६२, आणि बाजूला वजा ६. बाहेर पाऊस होता, पुराचं रजिस्टर माझ्याच टेबलावर ठेवलेलं होतं, ते भरायला घेतलं.