12 बोरच्या बंदुकीला तीन इंची चेंबर पुरते

अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी पहिली बंदूक घेणारे अनेक जण साडेतीन इंची चेंबरकडे (चेंबर म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा) वळतात, कारण त्यात आखूड काडतुसेही बसतात आणि एका बंदुकीत सगळे भागेल असे वाटते. माझे मत वेगळे आहे.

12 बोरचे साडेतीन इंची काडतूस 1988 मध्ये बाजारात आले. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी येत होती आणि 1991 मध्ये ती देशभर लागू झाली; शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरात आले. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 11.3 ग्रॅम, तर पोलादाची 7.8; त्यामुळे त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका भरतो आणि हवेत लवकर मंदावतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मोठे छर्रे घ्यावे लागतात, मोठ्या छर्ऱ्यांना काडतुसात अधिक जागा लागते, आणि त्या जागेसाठीच काडतूस लांबवले गेले. पण तीन इंची काडतुसात साधारण सव्वा औंस पोलाद मावते आणि साडेतीन इंचीत साधारण दीड औंस. या पाव औंसासाठी खांद्याला बसणारा धक्का चांगलाच वाढतो. अमेरिकी मानकानुसार दाबाची मर्यादाही दर चौरस इंचाला 11,500 पौंडांवरून 14,000 पौंडांवर जाते. उंचावरून जाणाऱ्या हंसांवर नेमाने बार टाकणाऱ्याला त्याचा उपयोग असेल. बाकीच्यांनी साडेतीन इंचीवर जाणारा जादा पैसा सरावाच्या काडतुसांवर घालावा. शिवाय काही साडेतीन इंची अर्धस्वयंचलित बंदुका पावणेतीन इंची हलक्या काडतुसांवर अडतात, म्हणजे ‘सगळे चालते’ हेही पूर्ण खरे नाही.

फेझंटसारख्या रानपक्ष्यांना पावणेतीन इंच पुष्कळ झाले, आणि ते काडतूस तीन इंची चेंबरमध्ये निर्धोक चालते.

उलट प्रकार मात्र घातक आहे. काडतुसाची लांबी बार उडून तोंडाची घडी उलगडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे न उडवलेले लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये अलगद बसते आणि बंदूक बिनतक्रार बंद होते. बार उडताच घडी चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकांमध्ये अडीच इंची, म्हणजे साधारण 65 मिलिमीटरची चेंबरे सर्रास आढळतात. भारतात शिकारीला कायद्याने बंदी असली तरी आपल्याकडच्या काही जुन्या घराण्यांत अशा बंदुका परवान्यावर आजही आहेत, आणि पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यांत आरामात शिरते.

अशी बंदूक हाती आली तर नळीच्या बुडाशी कोरलेल्या खुणा वाचाव्यात, पण केवळ त्यांवर विसंबू नये. मागच्या मालकाने चेंबर कोरून लांब केलेले असू शकते. तसे केल्याने तिथली भिंत पातळ होते. म्हणून जाणकार कारागिराकडून चेंबरची लांबी आणि भिंतीची जाडी दोन्ही मोजून घ्यावीत आणि तोवर तिच्यात काडतूस भरू नये.