आधी तिकीट, मग गाडीत : एका वाहकाचा कोरोनाकाळ

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एसटीच्या एका आगारात वाहक आहे. 2020 च्या मे महिन्यात मजुरांना छत्तीसगडच्या सीमेवर सोडायला देवरीपर्यंत गाड्या गेल्या, तेव्हा प्रवास फुकट होता, त्यामुळे वाहकाला फारसं काम नव्हतं. आमची खरी पाळी आली ती जिल्ह्यातल्या फेऱ्या सुरू झाल्यावर. 44 सीटच्या गाडीत 22 प्रवासी, एका बाकावर एक. प्रवाशांतलं अंतर पाळलं गेलं, पण त्या बावीस जणांच्या तोंडाजवळ वाकून गावाचं नाव ऐकणारा, नोटा घेणारा, सुटे परत करणारा माणूस एकच. त्याला कुठं बसवायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात पूर्ण सीट भरायची परवानगी आली. मग 2021 च्या फेब्रुवारीत अमरावती, यवतमाळ, अकोला इकडूनच दुसरी लाट उठली आणि आगारातले दोन चालक लागोपाठ पॉझिटिव्ह निघाले. सॅनिटायझर मिळत होतं, तिकिटाचं मशीनही पुसत होतो. पण हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो, तिथं बाटली काय करणार? चालकाच्या मागे कोणीतरी प्लास्टिक बांधलं होतं. ते वाऱ्यानं इतकं फडफडायचं की चालकानं दुसऱ्याच दिवशी उपटून फेकलं.

संघटनेच्या दोघांना घेऊन मी अर्ज दिला. मागण्या साध्या होत्या : सुरुवातीच्या स्टँडवर प्रवाशांना खालीच, मोकळ्या हवेत तिकीट द्यावं, मग आत सोडावं, वाहकाचं बाक आणि त्याच्या मागचं बाक रिकामं ठेवावं. उत्तर ठरलेलं : "वरून आदेश नाही. गाडी लेट झाली तर?" लेखी परवानगी काही मिळाली नाही. शेवटी, करून पाहा, असं तोंडी सांगितलं गेलं. सरकारी कामात तोंडी परवानगी म्हणजे अंगावर आलं तर तुमचं, हे मला माहीत होतं. तरी घेतली.

थेट फेऱ्यांना हे जमलं. गाडी लागायच्या आधीच मी मशीन घेऊन उभा राहायचो, त्यामुळे उशीर थोडाच व्हायचा. खेड्यापाड्याच्या फेरीला मात्र फाट्याफाट्यावर माणूस हात दाखवतो. तिथं दारातच तिकीट द्यायचं ठरवलं, पण मागून रेटा आला की सगळं मुसळ केरात.

खिडक्यांचा तर वेगळाच वाद. एप्रिल-मेची आमची झळ सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून भट्टी येते म्हणून लोक काचा ओढून घेत, आणि बंद गाडीत कोरोनाचं फावत होतं.

"लू लागते ना बाप्पा, लाव ते काच!" एक म्हातारी चिडली.

"माय, बोटभर उघडी राहू दे. अन् दुपट्टा नाकावरून काढू नको."

मास्क म्हटलं की लोक वाद घालत, "आमच्या गावात नाही हाय कोरोना" म्हणत. उन्हाचा दुपट्टा मात्र आधीच तोंडाला असायचा. मास्कइतका तो कामाचा नाही, पण निदान भांडण होत नसे.

ड्युटीवर असताना कोरोनानं मृत्यू झाला तर कुटुंबाला 50 लाख, असं जाहीर झालं होतं. ड्युटी सिद्ध करायला कागद लागणार, म्हणून मी रोजच्या ड्युटीपत्रकाचा फोटो काढून बायकोच्या मोबाइलवर टाकत होतो. ती विचारायची, हे कायले? मी सांगितलं नाही.

लसीचं म्हणाल तर माझ्या चालकाला 45 च्या वरचा म्हणून एप्रिलमध्येच मिळाली. मी त्याच्या आतला. मे महिन्यात नोंदणी उघडली की आमच्या तालुक्याच्या जागा शहरातली पोरं भराभर उचलत आणि गाड्या घेऊन इकडे टोचून घ्यायला येत. माझा नंबर बराच नंतर लागला.

लाट ओसरल्यावर खाली तिकीट द्यायची पद्धत बंद पडली. मी बाजाराच्या दिवशी अजूनही खालीच तिकिटं देतो, आणि चालक अजूनही हॉर्न वाजवून मला शिव्या घालतो.