पानं खाल्लेली बाग

ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्यात राजेंद्र ओवळेकरांची फुलपाखरांची वाडी आहे, येऊरच्या डोंगरापासून जवळच. मी पहिल्यांदा तिथे गेले ती लेकाच्या शाळेला सुट्टी म्हणून भर मे महिन्यात. अर्धा तास उन्हात फिरल्यावर तो वैतागून म्हणाला, "आई, ही बाग बंद पडलीय का?"

बंद नव्हती, आम्हीच चुकीच्या वेळी गेलो होतो. आता मी कॅलेंडरपेक्षा टाकळ्याकडे बघते. पहिल्या पावसानंतर तो तरारून आला की आपल्याला भाजी सुचते आणि ग्रास यलो फुलपाखराच्या माद्यांना बाळंतपण. जुलैत पाऊस झोडपत असतो तेव्हा बघायला फारसं काही नसतं. खरी गर्दी गणपती गेल्यावर. नवरात्रात ऊन पडलं की एकेका झुडपावर इतकी लगबग असते, की वहीत नोंद करताना आधीचं कुठलं मोजलं तेच विसरायला होतं. राज्य फुलपाखराचा मान २०१५ मध्ये मिळवलेला ब्लू मॉरमॉनही तेव्हाच डोक्यावरून निवांत जातो. मखमली काळा, त्यावर निळा शिडकावा. फोटोसाठी थांबेल तर शपथ.

पण माझं आवडतं आहे इव्हनिंग ब्राऊन. दिसायला मातकट. सडक्या केळ्यावर बसतं, फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. पावसाळ्यात त्याच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. डिसेंबरात तेच फुलपाखरू शोधायला गेले तर पायापाशी नुसता पाचोळा. त्यातलं एक 'पान' उडालं तेव्हा कळलं. कोरड्या दिवसांतल्या पिढीचे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानाचे.

या वाडीत फिरताना आणखी एक कळलं. फुलं लावणं सोपं, पानं कुरतडलेली बघत गप्प राहणं अवघड. टायगर फुलपाखराच्या अळीला रुई लागते, रोझ जातीला ईश्वरीचा वेल, आणि रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या पानात शिरून आतला गर पोखरत जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रोग पडलाय. आमच्या सोसायटीत असाच रोग 'बरा' करायला फवारणी झाली. रुई तर तण म्हणून मुळासकट उपटली. मी सभेत बोलले, इतिवृत्तात 'इतर विषय' म्हणून नोंद झाली.

मग मी आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यापुरतंच राज्य चालवायचं ठरवलं. ऑक्टोबरात सासूबाईंनी हाक मारली, "अगं, कढीपत्त्यावर पक्ष्याने घाण केलीय, धुऊन टाक." मी पाण्याचा मग घेऊन गेले तर ती घाण हळूच पुढे सरकली. कॉमन मॉरमॉनची अळी! लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखीच दिसते, म्हणजे कोणी खायला जात नाही. सासूबाईंनी काडीने टोचलं तेव्हा तिने डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. "मेली चिडते पण!" म्हणून त्या मागे सरल्या आणि दुसऱ्या क्षणी चष्मा आणायला आत गेल्या.

तेव्हापासून फोडणीला टाकायच्या आधी त्या प्रत्येक डहाळी उलटून बघतात. काल आमटी बिनकढीपत्त्याची होती.