तुम्ही विचारलंत म्हणून: खेड्यातली माणसं मनातलं सांगतात का?

मी वऱ्हाडात मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी फिरते असं कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या सुरात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: तिकडे डिप्रेशन वगैरे असतं का?

असतं. आणि सांगतातही. फक्त छापील मराठीत विचारलं तर कोणी सांगत नाही. नैराश्य मोजायला जगभर वापरतात ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली आमच्याकडे असते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, ते विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. 'खिन्न वाटतं का?' म्हटलं की उत्तर येतं, नाही बा. 'करमते का?' म्हटलं की हातातलं काम थांबतं.

एका काकू सुपात तूर पाखडत होत्या. सासूबाई समोर बाजेवर. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तो मी कसा विचारणार? कागद पिशवीत घातला आणि म्हटलं, "काकू, वावर दाखवता का?" धुऱ्यावर पोचेपर्यंत त्या कापसाच्या भावाबद्दल बोलत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "विहिरीजवळून गेली का पाय थबकते, बाई." गुण लिहायचं त्या दिवशी राहूनच गेलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसले, त्यांना विचारून नणंदेला बोलावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंसोबत आम्ही तालुक्याला गेलो.

तिथून पुढची गोष्ट जास्त किचकट. डॉक्टर ठरल्या वारीच येणार, एसटीत अर्धा दिवस जाणार, वर मजुरी बुडणार. एकदा तर तिथल्या गोळ्याच संपल्या होत्या. १४४१६ ही टेलि-मानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन २०२२पासून आहे, फुकट आहे, मी सगळ्यांना नंबर लिहून देते. पण घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि रेंज पाण्याच्या टाकीखाली. तिथं पोरं बसलेली. मन मोकळं करायची ती जागा आहे का?

म्हणून माझा भरवसा गावातल्याच, शिकवून तयार केलेल्या माणसांवर. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं हेच केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शेकडा चार होते, ते २७वर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. उरलेल्या ७३चं काय, असं बैठकीत कोणीतरी विचारतंच. विचारू दे. चारवरून सत्तावीसला जायला किती उंबरठे झिजवावे लागतात, ते खुर्चीत बसून कळत नाही.

काकू आता दर महिन्याला तालुक्याला येतात. गेल्या खेपेला शेजारणीला घेऊन आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे नुसते पाय दुखते म्हणते. तुम्ही इचारा हिले, करमते का म्हणून."