आमची वाटचाल : तांब्याची कॉइल आणि निळं कव्हर

लोणावळ्यातल्या बंगल्यांचे पूल गरम करण्याचं काम आम्ही दोघांनी सुरू केलं. मी प्लंबर, भागीदार वेल्डर. भांडवल म्हणजे दोन पाइप पाने, एक क्लॅम्प मीटर आणि सुतळीला बांधलेला थर्मामीटर. तो अजून बॅगेत आहे. सुतळी तेवढी चारदा बदलली.

पहिली वर्षं बरी गेली. मग तुंगार्लीचे दोन पूल आले. टायटॅनियमची कॉइल महाग, म्हणून मी तांब्याच्या कॉइलचे हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारी मशीन) बसवले. चूक माझीच. पण पूलची देखभाल दुसऱ्या फर्मकडे, आणि त्यांचा माणूस क्लोरीनच्या गोळ्या थेट स्किमरमध्ये, म्हणजे पूलच्या काठावर पंपाकडे पाणी ओढणाऱ्या तोंडात, टाकायचा. रात्री पाण्याचा पंप बंद, गोळी तिथेच विरघळणार. सकाळी पंप सुरू झाला की ते ॲसिडचं पाणी सरळ कॉइलमध्ये, आणि तांबं विरघळून पूलमध्ये. दोन महिन्यांत टाइल्सवर डाग, मालकांच्या मुलीचे केस हिरवट! त्या फर्मने गावभर केलं की आमचं मशीनच भंगार. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही, आजही काढत नाहीत. टेम्पो विकून पदरच्या पैशाने टायटॅनियम बसवलं. भागीदार म्हणाला, "मला आपलं वेल्डिंगच बरं." त्याला काय बोलणार?

त्या हिवाळ्यात फोन आला तो एका डॉक्टरबाईंचाच. पूल 8 बाय 4 मीटरचा, 40 हजार लिटर, इलेक्ट्रिक हीटरवर. मी टाइलवर पाण्याच्या रेषेशी पेन्सिलीने खूण केली. चोवीस तासांत पाणी 5 मिलिमीटर खाली! म्हणजे 160 लिटरची वाफ, आणि तिच्याबरोबर अख्ख्या पूलची सव्वादोन अंश ऊब गेली. ती भरून काढायला हीटरला शंभरावर युनिट लागतात. हीट पंपाला त्याचा चौथा-पाचवा हिस्सा. तरी मी आधी फक्त पाण्यावर पसरायचं, वाफ अडवणारं निळं बबल कव्हर विकलं. पुढचं बिल आल्यावर बाईंनी चहाला बोलावलं आणि हीट पंपाचे सगळे पैसे आगाऊ हातात ठेवले.

विचारलं नाहीत तरी सांगतो : कव्हरला रोलर घ्याच, नाहीतर माळी चार दिवसांत ते कोपऱ्यात टाकतो. हीट पंप दुपारी 11 ते 4 चालवा, पहाटेच्या गार हवेत तो जास्त वीज खातो. आणि 28 अंश पुरे, 32 मागू नका.

गेल्या महिन्यात त्याच फर्मचा माणूस टायटॅनियम कॉइलचा भाव विचारत होता. कोटेशन पाठवलंय. डिस्काउंट नाही.