तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला शाळेतून का काढलं?

"शाळा तर चांगली होती, मग पोरीला घरी का बसवलंत?" हा प्रश्न मला नाशिकच्या सिडकोतल्या भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. एक तर शाळेत काहीतरी वाईट घडलं असणार, नाहीतर मुलीतच काही कमी असणार. यातलं काहीच झालेलं नाही. खरं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची, घरापासून चालत जाण्याएवढी जवळ. धाकटा मुलगा आजही तिथेच जातो आणि आनंदाने जातो. त्याला वर्गातला गलका लागतो, खिचडीची पंगत लागते, मधल्या सुट्टीतली ढकलाढकलीही लागते. थोरलीचं तसं नव्हतं. एखादी गोष्ट हातात घेतली की ती तिथून हलायची नाही. भागाकारात बाकी का उरते, यावरच ती अडून बसायची. तेवढ्यात तास संपायचा, पुढचा विषय सुरू व्हायचा आणि वही अर्धी राहायची. तिच्या चौथीच्या वह्यांत पानापानावर 'काम अपूर्ण' असा शेरा आहे. शेरा खोटा नव्हता. पण ती नेमकी कुठे थांबली आणि का थांबली, हे एका तासात कोण बघणार?

तिच्या बाई मनापासून शिकवणाऱ्या होत्या, हे मी प्रत्येकाला सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असं लिहिलं आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत, असंही त्यातच आहे. प्रत्यक्षात बाई कधी सर्वेक्षणाला गेलेल्या, कधी मोबाईलवर कसली तरी माहिती भरत बसलेल्या. पालकसभा संपल्यावर एकदा त्या मला म्हणाल्या, "ताई, हिला वेळ पाहिजे, आणि माझ्याकडे नेमका तोच नाही." इतकं सरळ मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वेळ माझ्याकडे होता. मी घरूनच दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहिते, नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टने जातो, म्हणजे दिवसा घरात एक मोठं माणूस असतंच. चौथी संपली, आम्ही दाखला काढला आणि तिला घरीच शिकवायला लागलो.

सासूबाई फार दुखावल्या. "आम्हाला शाळा मिळाली नाही म्हणून आम्ही रडलो, आणि तुम्ही मिळालेली सोडता?" या वाक्यापुढे मी काय बोलणार होते? त्यांना शब्दांनी पटवणं मला जमलं नाही. मग त्या रोज सकाळी शेजारी येऊन बसायला लागल्या. आता नातीकडून पेपर मोठ्याने वाचून घेणं हे काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं आहे, आणि त्यात त्या कुणाला खाडा करू देत नाहीत.

पावसाळ्यात त्या पेपरातली गंगापूर धरणाची बातमी आमच्या गणिताला पुरते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते छापून येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक सोडले तर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. मग रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते लांबून बघायचं. गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरूनच तर सगळं नाशिक पुराचा अंदाज बांधतं. विसर्ग दुप्पट झाला तरी पाणी मारुतीच्या अंगावर दुप्पट का चढत नाही, हा प्रश्न तिने स्वतः काढला. पात्र पसरतं आणि धारेचा वेगही वाढतो, इथवर यायला तिला बरेच दिवस लागले. ते दिवस तिला मिळाले, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते पांडवलेणीबद्दल. सिडकोतून ती हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही मात्र तिथे पाहुणे आले की फोटो काढायला जायचो. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, प्राकृतात, ब्राह्मी लिपीत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या पुस्तकात त्याचा अर्थ सापडला. हे वाचनालय १८४० पासून या गावात उभं आहे, याचं मोल मला तेव्हा कळलं. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. त्यातले २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने. उरलेले १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

लेकीने पायरीवर बसून हिशेब मांडला. २,००० चे महिन्याला २०, वर्षाचे २४०, वीस जणांत वाटले की प्रत्येकी १२. बरोब्बर. दगडावरचा हिशेब तिच्या वहीतल्या हिशेबाशी जुळला आणि ती अक्षरशः उड्या मारत खाली आली. सरळव्याजाचं सूत्र मला तिला शिकवावं लागलंच नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० होतात, हे तिने खाली उतरता उतरता तोंडी सांगितलं.

मग तिच्या शंका सुरू झाल्या. मुद्दल कधीच काढायचं नाही, तर ही ठेव संपते कधी? गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडच्या पुढचंच का? आणि नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं, मग विणकरांकडच्या पैशांचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाने मला गप्प केलं. मग आम्ही जोगळटेंभीच्या नाण्यांबद्दल वाचलं. १९०६ मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. राजा बदलला तरी चांदी तीच चालली. अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिच्या संग्रहालयात आम्ही जुनी नाणीही बघून आलो. इतिहास, गणित आणि भाषा हे तीन वेगळे तास आहेत, असं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

आता कायद्याचं, कारण इथे लोक खरंच घाबरतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकतो. मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असंही त्यात म्हटलं आहे, पण तसं न करणाऱ्या पालकांना शिक्षा त्यात नाही. घरी शिकवणाऱ्यांसाठी वेगळी नोंदणीही नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला शिक्षक आमच्या दारी आले, तेव्हा त्यांच्या कागदात आमच्यासारख्यांचा रकानाच नव्हता. मी वह्या दाखवल्या, चहा दिला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जिवापाड जपा, पुढे पदोपदी लागतो.

दहावीला दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथे १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यायचे, मराठी माध्यम मिळतं, परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. आमच्या मुलीचा स्वभाव बघता आम्ही दुसरी वाट धरणार. मुक्त शिक्षणाला नाशिककरांनी तरी बिचकू नये. त्याच गोवर्धनला १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि माझी बी.कॉम.ची पदवी लग्नानंतर घर सांभाळून मी तिथूनच मिळवली.

मैत्रिणींचं विचाराल तर संध्याकाळी कॉलनीत त्याच शाळेतल्या मुली असतात, लगोरी चालते, भांडणं होतात. तरी स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती गप्प असते. धाकट्याचा नाच बघायला जाते, टाळ्या वाजवते, आणि घरी आल्यावर लवकर झोपते. ही उणीव आहे. ती मी लपवणार नाही आणि भरून काढल्याचा दावाही करणार नाही.

म्हणूनच कुणी "आम्हीही काढू का?" असं विचारलं की मी आधी घरात दिवसभर कोण असतं ते विचारते. आई-बाप दोघंही सकाळी कामाला जात असतील तर शाळाच बरी, हे मी माझ्या जवळच्या मैत्रिणीलाही स्पष्ट सांगितलं. ज्या घरात दुपारचं जेवण शाळेतल्या खिचडीवर भागतं, त्या घराला तर हा विचार सुचवणंही मला पटत नाही. महापालिकेच्या शाळा टिकल्या पाहिजेत आणि तिथल्या बाईंना शिकवायला वेळ मिळाला पाहिजे. तो मिळाला असता तर कदाचित आम्ही दाखला काढलाच नसता.

सध्या आमच्यापुढचा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगांचा आहे. लिंबू, हळद आणि चुन्यावर आम्ही बरंच काही केलं, पण पुढे सूक्ष्मदर्शक लागेल, भिंगं लागतील, आणि भूमितीत ती लवकरच माझ्या पुढे जाईल. गल्लीत एक निवृत्त सर राहतात, त्यांना विचारलंय. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन दिवस या म्हणालेत. धाकट्यालाही सोबत आणा म्हणाले.